हात न लागलेले आलू

॥ श्री ॥

राजापेठ, अमरावती
शुक्रवार, ११ जुलै २०२५

चि. सौ. दीक्षा हिस आशीर्वाद.

मिळालं ते आधी लिहिते. आलू चिरायच्या मशीनची बारीक जाळी, एक. जाळी घासायचा ब्रश, एक. मशीनच्या पायांना लावायचे रबर, चार, त्यातला एक फाटका. कागदावरची किंमत चारशे एकोणपन्नास रुपये, पैसे आधीच भरलेले. खोक्यावर नाव तुझं आणि पत्ता आमचा, म्हणून कुरिअरवाला काल इथं देऊन गेला. तुझ्या नावाचं उघडावं की नाही असं वाटलं. गोपालचे बाबा म्हणाले, उघड, खायचं असलं तर सडून जाईल.

मागणी केल्याची तारीख पाच जुलै आहे. म्हणजे आषाढीच्या आदल्या दिवशी, शनिवारी. मी ओट्याशी उभी राहून म्हटलं होतं की तुझ्या या बिजलीच्या मशीनच्या सळ्या जाड पडतात, चिवड्याला बारीक लागते. तू मोबाईल काढलास. मला वाटलं, सासूचं बोलणं नको झालं म्हणून मोबाईल पाहते आहे. ते तसं नव्हतं, हे आता खोकं उघडल्यावर कळलं.

मशीनही इथंच राहिली. तू आणि गोपाल रविवारी चार वाजता अकोल्याला निघून गेलात, फराळ न करता, चहा न घेता. भजनी मंडळाच्या बाया ताटं घेऊन बसलेल्या, त्यांच्या समोरून तू पर्स उचलून गेलीस. मला सांगावं लागलं की सोमवारी तुझ्या शाळेत तपासणी आहे, मास्तरणीला सुटी कुठली.

त्यानंतर तीनदा फोन लावला. तू उचलला नाहीस. गोपालने उचलला, बाबांच्या गोळ्यांचं विचारलं आणि ठेवून दिला. तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. त्या वेळी मशीन चालू होती. तिच्या आवाजात तुला काही भलतंच ऐकू आलं असेल तर मनातून काढून टाक. बाया मशीनची तारीफ करत होत्या, मीही केली. बाकी काही बोलणं झालं नाही.

पत्राने लिहिते, कारण फोन केला की गोपालचे बाबा तो स्पीकरवर लावतात आणि मग मला बोलणं सुचत नाही. जाळी पाठवू की ठेवू, ते कळव. बार्शीटाकळीच्या रस्त्याने पावसात स्कुटी नेऊ नकोस, एसटीने शाळेत जात जा.

तुझी सासू,
सौ. मनकर्णा


॥ श्री ॥

राजापेठ, अमरावती
मंगळवार, २९ जुलै २०२५, नागपंचमी

चि. सौ. दीक्षा हिस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते आहे, कारण एक गोष्ट तुला न विचारता केली. मशीन वापरली, आणि नवी जाळीही लावली.

काल श्रावणातला पहिला सोमवार होता आणि मंडळ आमच्याकडे. आषाढीला तू वीस मिनिटांत पाच किलो आलू चिरले होते, म्हणून माझा समज असा की बटन दाबलं की झालं. पहिलाच आलू मी टोकं न कापता उभा ठेवला. मशीन घरघरली आणि जागच्या जागी थांबली. गोपालचे बाबा चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढले, पण ओट्यावरच्या मशीनजवळ यायला तयार नाहीत. दारातूनच म्हणाले, "तुह्या घरात आली न् मशीनलेही उपवास घडला."

मग एकेक करून कळत गेलं. आलू लांबट निवडायचा. सोलायचा, डोळे काढायचे, दोन्ही टोकं सपाट करायची, आडवा ठेवायचा. दट्ट्या सरकतो तेव्हा बोटं मागे घ्यायची. जाळीत शेवटचा तुकडा अडकतो तो ब्रशने काढायचा, नाही तर पुढच्या आलूचा भुगा होतो. सळ्या तीन पाण्यांतून काढायच्या, तुरटीच्या पाण्यात ठेवायच्या, धोतराच्या फडक्यावर पंख्याखाली पसरायच्या, मग तळायच्या. मशीनचं काम एका बटनाचं, क्षणभराचं. बाकी दीड तास माझे हात. आषाढीला हे सगळं तू केलं, मी फक्त तळलं. तू सोलत होतीस तेव्हा मी देवघरात वाती वळत होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं, हिच्या मशीनने काम उरकलं.

फराळाच्या वेळी समोरच्या पार्वताबाईने विषय काढला. मंडळात तिचा शब्द चालतो, तुला माहीत आहे. नागपंचमीला आपण विळी-चाकूला हात लावत नाही, काही चिरत नाही. तर तिने विचारलं, "उद्या चिरणं बंद. पण तुह्या मशीननं चिरलं त दोष लागते काय वं? आपला हात त लागतच नाई."

सगळ्या हसल्या. मी मोठी शहाणी, लगेच म्हटलं, "बटन त आपलंच बोट दाबते ना बाई. दोष आपल्यालेच."

सगळ्यांनी मान डोलावली. एकीने तर हे कीर्तनात सांगण्यासारखं आहे असंही म्हटलं. माझ्या मात्र तोंडातला घास तोंडातच राहिला.

कारण आषाढीला मी याच्या अगदी उलट बोलले होते. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं, दीक्षा. मशीन चालू नव्हती. तू ती धुऊन पुसून ठेवली होती, वायरसुद्धा गुंडाळून ठेवली होती. घरात फक्त ताटांचा आवाज होता. पार्वताबाईने सळी तोंडात टाकून विचारलं, "सूनबाईच्या हातचं आहे काय?" आणि मी म्हटलं, "हात कोणाचाच नाई लागला. मशीनचं आहे."

तू चटणीची वाटी घेऊन दारात उभी होतीस. मी तुला पाहिलं होतं. पाहूनच बोलले असं नाही, पण पाहिल्यावर थांबले नाही.

आता माझीही बाजू ऐक. तू बौद्ध घरची, हे पार्वताबाईला लग्नाच्या पत्रिकेपासून माहीत आहे. तरी चार जणींत तिने ते विचारलं. तिच्या विचारण्यात खोट होती. मला याच बायांत उठायचं-बसायचं असतं, मयतीला आणि बारशाला याच येतात. तिने कोंडीत धरल्यावर मी काय बोलायला पाहिजे होतं, ते तूच सांग.

तुमच्याकडे वर्षावास सुरू असेल. तुझ्या आई रोज ग्रंथ वाचतात ते मला माहीत आहे. त्यांना नमस्कार सांग. जयभीम लिहिणार होते, पण आजच्या पत्रात माझ्या हातून ते बरं दिसणार नाही.

सौ. मनकर्णा


॥ श्री ॥

राजापेठ, अमरावती
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

दीक्षा बेटा,

मी दर्यापूरच्या शाळेतून मॅट्रिक झाली, तेव्हापासून पत्र लिहायचं म्हटलं की शाळेतली भाषा लिहिते. त्या भाषेत खोटं लिहायले लय सोपं जाते. आजपासून बोलते तसं लिहून राहिली.

काल तिसरा सोमवार होता. मंडळ पार्वताबाईकडे होतं. मी सळ्यांचा चिवडा डब्ब्यात भरून नेला. ठरवूनच गेली होती की आज बोलायचं. भजनात माहं लक्ष नव्हतं, टाळ दोनदा चुकला. आरती झाली, ताटं वाढली, तवा उभी राहून म्हटलं, "बायांनो, एकादशीले मी तुमच्याशी खोटं बोलली. ते आलू दीक्षानं सोलले, तिनंच चिरले, तिनंच वाळवले. मी फक्त तळले. तिचा हात लागला होता. तुमी तिच्या हातचं खाल्लं."

मंडळातल्या चतुराबाईनं ताट हळूच पुढं सरकवलं न् म्हणाली, मले आज भूक नाई. माह्या मनात आलं, आता पार्वताबाई उठीन. आता माहं या गल्लीतलं झालं.

पार्वताबाई उठली नाई. शेंगदाणा चावत चावत म्हणाली, "मंग तेच त विचारलं होतं ना मी तुले! माह्या नातवाचा वाढदिवस होता. त्याले त्या हॉटेलीतल्यासारख्या लांब सळ्या पायजे. म्हटलं, मनकर्णेच्या सुनेले बोलावू, मशीन घेऊन येईन, पोट्टे बी खुश होतीन. तू मधीच मशीन मशीन करू लागली. मले वाटलं, सुनेचं नाव घ्यायले तुही जीभ जड होते."

मी म्हटलं, बाई, मले वाटलं तू दुसरंच विचारून राहिली.

तिनं हात पुसला. मंग माह्याकडे पाहून बोलली, ते तुले जसंच्या तसं लिहिते. "जातीचा शब्द माह्या तोंडून निंगाला काय? तो तुह्या पोटात होता, मनकर्णे. तुह्याच तोंडून आला."

दीक्षा, मागच्या पत्रात मी सारं तिच्यावर टाकलं होतं. ते वापस घेते. तिच्या विचारण्यात खोट नव्हती. मले कोणी कोंडीत धरलं नव्हतं. जे कोणी विचारलंच नाई, त्याचं मी उत्तर देलं.

पार्वताबाई मोठी संत आहे असं बी नाई. तिच्या घरी मी पन्नास गोष्टी पाह्यल्या. पण त्या दिवशीचं बोलणं तिचं नाई, माहं आहे. चतुराबाई न जेवता गेली. तिचं ताट पाहून मले काय आठवलं, ते आज लिहीत नाई. आज एवढंच जमलं.

गोपाल बाबांचे डोळे दाखवायले रविवारी येणार आहे म्हणते. तू बी येशीन काय, हे विचारायची मले हिंमत नाई.

मनकर्णा


राजापेठ, अमरावती
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

दीक्षा,

वर श्री लिहिला नाई. काहून, ते याच पत्रात आहे.

रविवारी गोपाल आला, एकटाच. बाबांचे डोळे दाखवले, मोतीबिंदू आहे, दिवाळीनंतर काढू म्हणाले. घरी आल्यावर मी त्याच्यापुढं चिवडा ठेवला. त्यानं हात लावला नाई. तो ओट्यावरच्या मशीनकडे पाहत होता. मी म्हटलं, दीक्षानं माह्यासाठी केवढी महागाची वस्तू आणली, अन् मी अशी वागली.

तो म्हणाला, "तुह्यासाठीच घेतली. पण अठी ठेवायले नाई, आई. आमच्या घरी ठेवायले."

"माह्यासाठी अन् तुमच्या घरी?"

"तू अकोल्याले आली की उपाशी राहते ना. कधी हा वार, कधी तो वार. दीक्षा म्हणे, आईले उपवासाचं ताजं गरम काहीतरी आपल्या घरी खाता आलं पायजे. म्हणून घेतली. एकादशीले पाच किलोचं काम होतं, म्हणून इकडे उचलून आणली."

मले वाटलं त्याचं बोलणं संपलं. मंग त्यानं सांगतलं की त्या रविवारी गाडीत बडनेरा सुटल्यावर तू बोटांवर मोजू लागली. आई दिवाळीनंतर आली तो गुरुवार होता. संक्रांतीले आली तो मंगळवार. तुह्या ऑपरेशनच्या वेळी आली, तो बुधवार. मंग तू त्याले विचारलं, "बुधवारी कोणत्या देवाचा उपवास असते?"

"मले सांगता नाई आलं," गोपाल म्हणाला. "तू सांग."

मी गॅस बंद करायले उठली. गॅस बंदच होता.

तिन्ही पत्रं तुले भेटली, तू वाचली, हे बी त्यानंच सांगतलं. तू एवढंच म्हणाली म्हणे, की पत्रांत सारं आहे, पण आई आपल्या घरी काहून जेवत नाई ते नाई. तीन दिवस झाले, मी हे पत्र लिहायले बसते अन् उठते.

दीक्षा, बुधवारी माह्या कोणत्याच देवाचा उपवास नसते. सोमवार खरा आहे, एकादशी खरी आहे. तुह्या घरचे बाकी सारे वार खोटे. लग्नाले दोन वर्षं झाली, सहा वेळा मी तुह्याकडे आली, अन् सहाही वेळा एसटीत बसायच्या आधीच ठरवून आली की आज कोणत्या देवाचं नाव सांगायचं. तू देवाले हात जोडत नाई, हे तू लग्नाच्या आधीच साफ सांगतलं होतं. म्हणून तुले वार माहीत नसतीन, हे मी धरून चालली. तुह्या खरेपणाचा मी असा फायदा घेतला.

तुह्या घरी मी केळं खात होती. स्वतः सोलून. केळ्याच्या आत कोणाचा हात जात नाई. हे मी तवा बी जाणून होती, आता सुचलं असं नाई. तुले वाटलं सासूबाईले केळी आवडतात, तू दर वेळी डझन आणून ठेवू लागली. मंग तुले वाटलं, केळ्यांचा कंटाळा आला असन, म्हणून तू मशीन घेतली.

अन् एक गोष्ट आहे, ती गोपालले बी माहीत नाई. परत येताना एसटी मूर्तिजापूरच्या स्टँडवर थांबते. दर वेळी तठी उतरून मी आलुबोंडा खाल्ला. दोन, कधी तीन, तळलेल्या मिरचीसंग. भूकच तशी लागलेली राहे. गाडीवाल्याले नाव नाई विचारलं, गाव नाई विचारलं, त्याचे हात कसे होते ते बी नाई पाह्यलं. पेपरच्या तुकड्यावर घेतलं अन् उभ्यानं खाल्लं. घरी येऊन पाय धुतले, देवापुढं दिवा लावला. सुनेच्या घरून उपाशी आली म्हणून गोपालचे बाबा म्हणत, तू लय कडक करते बाई. अन् मी ते ऐकून घेत होती.

तुह्या ऑपरेशनच्या दिवशीचं सर्वात जास्त लागते. तू पलंगावर पडून होती, पोटाले टाके होते, अन् तुह्या आईनं माह्यापुढं ताट आणून ठेवलं. मी म्हटलं, आज माहा उपवास. त्या बाईनं माह्या तोंडाकडे पाह्यलं. त्यांना समजलं होतं, दीक्षा. त्यांनी ताट उचललं अन् केळं आणून देलं. तुले त्यांनी आजपावेतो सांगतलं नसन. त्यांची माफी मले वेगळी मागायची आहे, पत्रात नाई.

माणसाशी खोटं बोलणं एक. मी ते देवाच्या नावानं बोलली. म्हणून वर श्री लिहायले हात धजला नाई.

घडलं ते घडलं, विसरून जा, असं मी म्हणणार नाई. ते म्हणायचा हक्क माहा नाई. महालक्ष्म्या दहा-बारा दिवसांवर आल्या, त्याच्यासाठी बी तुले बोलावत नाई. लोक काय म्हणतीन त्याचं उत्तर या वर्षी मी खरं देईन. मशीन न् दोन्ही जाळ्या मी बांधून ठेवल्या, तुह्या आहेत, पोचत्या करीन.

मले तुह्या घरी जेवायचं आहे. आलू नको, फराळाचं नको. तुमच्याकडे रोज जे शिजते ते. मटण मी खात नाई, ते माहेरापासूनच नाई, त्यात तुह्या घराचा काही संबंध नाई. त्या दिवशी तेच शिजलं असलं त माह्यापुरतं वरण अन् भाकर असू दे. पीठ तू मळ, भाकर तू थाप, तूच वाढ. मी पाटावर बसून खाईन, अन् तुही आई समोर असली त लय बरं होईन. तू नाई म्हणशीन, त ते बी बरोबर आहे. मी कोणाले सांगणार नाई की तुह्या शाळेत तपासणी आहे.

या पाकिटात एक पोस्टकार्ड टाकलं आहे. माहा पत्ता मी लिहून ठेवला, तुले फक्त वार लिहायचा आहे. कोणताही लिही. सोमवार लिहिला त सोमवारी बी येईन अन् पोटभर जेवीन, देवाशी माहं मी पाहून घेईन. आजचा निघालेला कागद परवा अकोल्याले पोचते. कार्ड त्याच दिवशी पेटीत टाक.

मनकर्णा